एक हात, चार मैदानं

१९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, हे महाराष्ट्रात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. त्या डावात समोरून चेंडू कोण टाकत होतं, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील. सेंट झेवियर्सच्या संघात साईराज बहुतुले नावाचा पंधरा वर्षांचा लेगस्पिनर होता. त्यानं २७ षटकं टाकली, १८२ धावा दिल्या, बळी एकही नाही. पुढं तो भारताकडून कसोटी खेळला म्हणून त्याचा आकडा शोधला की सापडतो. त्याच्यासोबत घामाघूम झालेल्या बाकीच्यांचे आकडे कुणाला हवे आहेत?

२०१६ च्या जानेवारीत कल्याणला प्रणव धनावडेनं नाबाद १००९ केले. के. सी. गांधी शाळेनं ९४ षटकांत ३ बाद १४६५ वर डाव सोडला. म्हणजे आर्य गुरुकुलच्या मुलांनी मिळून साडेपाचशेहून जास्त चेंडू टाकले. देशभर बातम्या झाल्या, सत्कार झाले. चेंडू टाकणाऱ्यांच्या खांद्यांची चौकशी मात्र कुणी केली नाही. आपल्याकडे धाव मोजायची असते, चेंडू नुसता टाकायचा असतो. शाळकरी गोलंदाजाच्या, आणि आता आपल्याकडं आलेल्या बेसबॉलमधल्या पिचरच्या हाताचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आमच्या परभणीत बेसबॉल कुठून आला, असं वाटेल. पण शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं शाळांच्या प्रवेशिका जातात, सामने होतात, जिंकणारा संघ विभागाला आणि तिथून राज्याला जातो. गाव क्रिकेटचं असलं तरी क्रिकेटमध्ये शेकड्यांनी संघ असतात आणि जिंकणं अवघड असतं. बेसबॉलमध्ये संघ मोजके. हुशार क्रीडाशिक्षकाला हे गणित लगेच कळतं. तो क्रिकेटमधली हात चांगला असलेली पोरं उचलतो, हातात ग्लोव्ह देतो आणि त्यातल्या सगळ्यात जोरात फेकणाऱ्याला पिचर करतो. ह्यात काही वाईट नाही. राज्यातल्या कितीतरी चांगल्या खेळाडूंची सुरुवात अशीच झाली असणार. अडचण पुढं आहे. त्याच पोराचं नाव भालाफेकीलाही दिलेलं असतं, हँडबॉललाही असतं. रविवारी तो नेटमध्ये सिझन बॉल टाकतो. दिवाळीनंतर गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात, मानवतला, सेलूला, पाथरीला, गंगाखेडला. तिथं कुठल्यातरी संघाला एक फास्ट बॉलर कमी पडतच असतो. शाळा, क्लब, अकादमी, गावाचा संघ, प्रत्येकाला तो हवा असतो आणि प्रत्येकाला वाटतं की आपण काही फार टाकून घेत नाही. ते खरंही असतं. नांगराच्या बैलाला दुपारी सोडतात, कारण मालक एकच असतो. ह्या पोराला मालक चार.

जिल्हास्तरावरच्या सामन्यांच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं राहून नुसतं बघावं. जिंतूरहून, पालमहून संघ टेम्पोनं आलेले असतात. नऊचा सामना साडेदहाला सुरू होतो, आणि बाद पद्धत असल्यानं उशीर भरून काढायला पुढचे सामने एकामागोमाग लागतात. पहिल्या सामन्यात पोराचा हात मोकळा असतो. कोपर खांद्याच्या रेषेत, चेंडू सुटल्यावर हात आडवा पोटापर्यंत येतो. दुसऱ्या सामन्यात चौथ्या डावाला तो दोन चेंडूंमध्ये वेळ घ्यायला लागतो. सदरा ओढतो, मनगट झटकतो, उगाच बूट बांधतो. मग कोपर खाली येतं, चेंडू वर वर जायला लागतो आणि सर बाहेरून ओरडतात, ‘अरे, लक्ष दे!’ लक्ष असतं त्याचं. हात राहिलेला नसतो. ‘खांदा भरला’ असं तो फार तर म्हणतो. मग स्प्रे मारला जातो. तिसऱ्या सामन्यात दुसऱ्याला पिचर करून ह्याला कॅचर बसवतात. ही विश्रांती समजली जाते, पण कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकतो, शिवाय दुसऱ्या बेसकडं पूर्ण ताकदीनं फेकावं लागतं ते वेगळंच. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत पिचरनं त्याच दिवशी कॅचर होऊ नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

आता त्या हातात नेमकं काय होतं ते पाहू. कोपराचं दुखणं म्हटलं की आपल्याला सचिनचं टेनिस एल्बो आठवतं, २००५ साली लंडनला शस्त्रक्रिया झाली होती ते. ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या अंगाला असतं. पिचरचं दुखणं आतल्या अंगाचं. हात मागं नेऊन जोरात पुढं आणताना कोपर आतल्या बाजूनं फाकायला बघतं, आणि तिथला एक बोटाएवढाही नसलेला अस्थिबंध ते धरून ठेवतो. मोठ्या माणसात हा अस्थिबंध झिजतो, तुटतो. चौदा-पंधराच्या पोरात तो बहुधा तुटत नाही, कारण त्याच्याहून कच्ची गोष्ट तिथंच असते. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा अजून पक्की झालेली नसते, ती ओढली जाते. खांद्यातही तसंच, दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला. वेळेवर हात थांबवला तर ह्यातलं बहुतेक आपोआप भरून येतं. थांबवला नाही तर कोपर पूर्ण सरळ होईनासं होतं आणि पोरगं आयुष्यभर थोडा वाकडा हात घेऊन फिरतं. भालाफेकीतही कोपराला असाच मार बसतो. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा तो सबंध हंगाम गेला.

क्रिकेटच्या गोलंदाजाचं वेगळं. त्याचा हात कोपरात जवळपास सरळ असतो, म्हणून कोपर वाचतं आणि भार कमरेवर जातो. पुढचा पाय आपटताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर वर येतो, त्याच क्षणी कंबर मागं वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळत असते. मणक्याच्या मागच्या कमानीत, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, केसासारखी चीर पडते. साध्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसत नाही. मग ‘लचक भरली’ म्हणून तेल लावलं जातं, कंबर शेकली जाते, चार दिवसांत बरं वाटतं आणि पोरगं पुन्हा रन-अप घेतं. आपल्या मैदानांची ह्यात भर पडते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून सरावाला सिमेंटची विकेट आणि वर मॅट. फलंदाजाला चेंडू सरळ येतो, गोलंदाजाचा पाय मात्र रोज सिमेंटवर आपटतो.

ह्या विषयावर सगळ्यात जुनं आणि भरपूर काम अमेरिकेत झालं. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन ह्याच्या कोपरात डॉ. फ्रँक जोब ह्यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी मनगटाजवळचा एक स्नायुबंध काढून बसवला. तो १९७६ ला परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. पुढं शस्त्रक्रियेच्या टेबलावर शाळकरी मुलं यायला लागली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना जाग आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौदा ते वीस वयाच्या पिचरांची तुलना केली होती, शस्त्रक्रिया करावी लागलेले एकीकडं आणि धडधाकट दुसरीकडं. वर्षात आठ महिन्यांहून जास्त काळ पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट निघाला. सामन्यात सरासरी ऐंशीहून जास्त चेंडू टाकणाऱ्यांना चौपट. आणि हात थकलेला असताना वारंवार टाकत राहणाऱ्यांना छत्तीस पट. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो ओळखायला यंत्र लागत नाही. दुसऱ्या एका अभ्यासात नऊ ते चौदा वयाच्या ४८१ पिचरांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. वर्षाला शंभर डावांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट होता. कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, लहानपणी टाकला की हात जातो, ही तिथली जुनी समजूत; तिला मात्र संशोधनात फारसा आधार मिळाला नाही. चेंडू कसला टाकला ह्याहून किती टाकले आणि किती जोरात टाकले, हेच जास्त नडतं.

ह्यातून नियम आले. लहान मुलांच्या बेसबॉलमधल्या लिटल लीगनं २००७ पासून डाव मोजणं सोडून चेंडू मोजायला सुरुवात केली. २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ ही सूचनावली आली आणि २०१७ च्या हंगामापासून तिथल्या प्रत्येक राज्याच्या शालेय संघटनेला चेंडूंची मर्यादा ठरवणं बंधनकारक झालं. सूचनावलीप्रमाणं तेरा ते सोळा वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, सतरा-अठराला १०५. पंधरा-सोळाच्या पोरानं तीस टाकले तर दुसऱ्या दिवशी चालेल. ७६ किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस सुट्टी.

इथं मला थांबावंसं वाटतं. आपल्याकडं ह्या विषयावर जे थोडं बोललं जातं ते अमेरिकेचं उचलून बोललं जातं, आणि अमेरिकेचं दुखणं परभणीचं नाही. तिथला मुलगा बाराही महिने टाकतो, पैसे भरून प्रवासी संघात खेळतो, शिष्यवृत्तीसाठी वेग वाढवतो. आपला मुलगा वर्षातले बरेच दिवस बेसबॉलचा चेंडू हातातही घेत नाही. शाळेकडं चेंडूच मोजके असतात. मग स्पर्धेचं पत्र येतं, आठ-दहा दिवस कसून सराव होतो आणि दोन दिवसांत चार सामने. तिथं हात सतत वापरून झिजतो, आपल्याकडं तो न वापरलेला एकदम ताणला जातो.

आपलं खरं साम्य जपानशी आहे. तिथली कोशियनची शालेय स्पर्धा बाद पद्धतीची, भर उन्हाळ्यातली, शाळेच्या इभ्रतीची. एकाच पिचरच्या खांद्यावर सगळा गाव. १९९८ मध्ये दाईसुके मात्सुझाकानं सतरा डावांच्या एका सामन्यात २५० चेंडू टाकले आणि तो दंतकथा झाला. २०१८ मध्ये अकिता प्रांतातल्या एका कृषी शाळेचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. परभणीसारख्या कृषी विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्या आपल्याला ह्याचं जरा जास्तच कौतुक वाटावं. त्या संघाच्या कोसेई योशिदानं स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. अंतिम सामन्यात त्याचा हात चालेना. संघ १३-२ नं हरला. देश रडला आणि मग वाद पेटला. २०२० पासून जपानच्या शालेय बेसबॉल महासंघानं एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. अमेरिकेच्या मानानं ती फारच सैल आहे. पण ती आठवड्याची आहे, दिवसाची नाही, आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेत नेमका आठवडाच हाताला खातो.

क्रिकेटचे अभ्यासही थोड्या दिवसांत एकदम टाकण्याकडंच बोट दाखवतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८२ तरुण वेगवान गोलंदाज एक हंगामभर तपासले. ११ टक्क्यांच्या मणक्याला चीर पडली, २७ टक्क्यांना पाठीच्या इतर दुखण्यानं सामने सोडावे लागले. ऑस्ट्रेलियातच २००५ च्या एका अभ्यासात बारा ते सतरा वयाच्या ४४ गोलंदाजांपैकी पाव जणांना अतिवापराच्या दुखापती झाल्या. ज्यांना दोन गोलंदाजींमध्ये सरासरी साडेतीन दिवसांहून कमी विश्रांती होती त्यांना धोका जास्त होता. मोठ्यांच्या बाबतीत असं दिसलं की नेहमीपेक्षा एकदम जास्त टाकलं की दुखापत लगेच येत नाही, तीन-चार आठवड्यांनी येते. म्हणून तर ती कुणाच्या नावावर पडत नाही. ऑक्टोबरच्या स्पर्धेनं घातलेला घाव नोव्हेंबरच्या टेनिस बॉलच्या मैदानात बोलतो. अशा उसळीचं गुणोत्तर काढून धोका सांगायची एक पद्धत मध्यंतरी फार गाजली. तिच्या गणितावर नंतर बरेच आक्षेप आले, पण हळूहळू वाढवावं ही गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांनाही मान्य आहे. इंग्लंडच्या मंडळानं वेगवान गोलंदाजांसाठी बराच काळ चालवलेल्या नियमांत तेरा वर्षांखालच्यांना दिवसाला दहा षटकं होती, पंधराखालच्यांना बारा, एकोणीसखालच्यांना अठरा.

अठरावरून रमाकांत देसाई आठवतात. १९५९ च्या फेब्रुवारीत दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांची पहिली कसोटी, वय एकोणीस, अंगकाठी एवढीशी. एका डावात ४९ षटकं टाकली, १६९ धावांत ४ बळी. जुन्या लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, बघा, तेव्हाची पोरं अशी होती. देसाई २८ कसोट्या खेळले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली होती. ती फक्त त्या षटकांमुळं संपली असं मी म्हणणार नाही. पण ‘आम्ही दिवसभर टाकायचो, आम्हाला कुठं काय झालं’ हा जो मुद्दा प्रत्येक मैदानावर ऐकू येतो, त्याची गोम एवढीच आहे की तो टिकलेला माणूसच मैदानावर बोलायला हजर असतो. ज्याचा हात गेला तो आज मोंढ्यात हमालीच्या पावत्या फाडत असेल, त्याला कोण विचारतं? मात्सुझाकाचंच उदाहरण जपानी लोक अशी मर्यादा नको म्हणून देत, आणि २०११ मध्ये त्याच्याही कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०१८ चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक आपण जिंकला तेव्हा कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी ह्यांच्या वेगाची केवढी चर्चा होती. दोघांची पुढची वर्षं पाठीच्या दुखण्यात गेली.

उलट उमेश यादव. नागपूरजवळच्या वलनीच्या खाण वसाहतीतला मुलगा, विशीपर्यंत टेनिस बॉलच खेळला, मग सिझन बॉल हातात आला आणि ५७ कसोट्या खेळून गेला. कोवळ्या वयात त्याच्या पाठीवर जड बॉलची षटकं पडली नाहीत, हे त्याच्या टिकण्याचं एक कारण असावं, असा माझा तर्क. एका माणसावरून सिद्धांत होत नाही. पण तेराव्या वर्षी नेटमध्ये घालून रोज तासभर टाकून घेणाऱ्या अकादम्यांच्या फी-पावत्या बघताना तो डोक्यातून जात नाही.

मोजायचं ठरवलं तरी काय मोजायचं, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या फ्लोरिडात शालेय पिचरांचे सामन्याच्या दिवशीचे सगळे चेंडू मोजले, तेव्हा सुमारे ४२ टक्के चेंडू अधिकृत मोजणीत येतच नव्हते. सामन्याआधीचा गरम होण्याचा सराव, दोन डावांमधले चेंडू, हे सगळं हिशेबाबाहेर. आपल्याकडं हिशेबाबाहेरचं किती असेल? टेनिस बॉलच्या सहा षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला दोनच षटकं असतात. दिसायला काहीच नाही. पण दिवसात चार सामने, हलका चेंडू वेगात जावा म्हणून खांद्याचा झटका, शिवाय सीमारेषेवरून फेकी. डिसेंबरात पहाटेचा सामना असेल तर आणखी वाईट. परभणीची थंडी साधी नाही. विद्यापीठाच्या हवामान केंद्रात पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा गारठ्यात स्वेटर काढून थेट पहिला चेंडू जोरात टाकणारी पोरं दर वर्षी दिसतात.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. एकेका क्रीडाशिक्षकाकडं दहा-दहा खेळ असतात, आणि कित्येक शाळांत तोही नसतो, गणिताचे सर शिट्टी वाजवतात. शिवाय ह्या सगळ्याच्या मागं एक कागद असतो. प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. वरच्या स्तरावर पदक आलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात ह्या कागदाची किंमत काय असते, ते पुण्यामुंबईच्या तज्ज्ञांना सांगून कळणार नाही. बाप म्हणतो, ‘दोनच मॅच राहिल्यात, ओढ की थोडं.’ त्याच्या जागी कुणीही हेच म्हणेल. म्हणूनच हा निर्णय पोरावर, बापावर किंवा सरांवर सोडून चालत नाही. तो नियमात असला की कुणालाच वाईट व्हावं लागत नाही.

जपानात २०१९ मध्ये ओफुनातो शाळेच्या प्रशिक्षकानं प्रांताच्या अंतिम सामन्यात रोकी सासाकीला खेळवलंच नाही, हात जपायचा म्हणून. संघ हरला, कोशियन हुकलं, लोकांनी प्रशिक्षकाला सळो की पळो केलं. २०२२ मध्ये ह्याच सासाकीनं व्यावसायिक सामन्यात एकालाही बेसवर पोहोचू न देता पूर्ण सामना टाकला. पुढं तो डॉजर्सकडं गेला आणि पहिल्याच हंगामात खांदा दुखावून बसला. जपलेला हातही दुखतोच. मोजणीनं धोका कमी होतो, संपत नाही, हे मोजणीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी लपवू नये.

तरीही परभणीत सुरुवात करायची तर पैसा लागत नाही. प्रत्येक चेंडूची खूण गुणलेखकाच्या वहीत आधीच असते. फक्त त्यांची बेरीज संघाच्या नावानं होते, मुलाच्या नावानं होत नाही. खेळाडूच्या ओळखपत्राला एक कोरं पान जोडलं आणि सामना संपल्यावर पंचानं त्यावर आकडा आणि तारीख लिहून सही केली, तर तो कागद मुलासोबत बेसबॉलहून क्रिकेटला आणि क्रिकेटहून भाल्याला जाईल. टेनिस बॉलच्या स्पर्धेला तो लागू करता येणार नाही, तिथं पंच गावातलाच असतो. पण शालेय स्पर्धांपुरता तरी येईल.

खरी अडचण त्यानंतर येते. ७६ चेंडूंनंतर चार दिवस सुट्टी हा नियम दोन दिवसांच्या जिल्हा स्पर्धेत लावला तर पहिल्या दिवसाचा पिचर संपला. म्हणजे शाळेला तीन पिचर तयार करावे लागतील आणि तिसरा खरोखरच कच्चा असेल. चेंडू बाहेर पडून बेस भरतील, धावा जातील. बहुतेक संघ नऊ जण कसेबसे गोळा करून आलेले असतात. स्पर्धा चार दिवसांची करावी तर टेम्पोचं भाडं, जेवण, शाळेची सुट्टी आणि मैदानाचं आरक्षण आलं. त्यापेक्षा एका दिवसात एका संघाचे दोनच सामने आणि पिचरला दिवसाला तीन डाव, एवढ्यावर सगळ्या शाळा राजी होऊ शकतात. तेवढ्यात स्पर्धाही बसते. ह्या वर्षीच्या प्रवेशिका निघण्याआधी क्रीडाशिक्षकांची जी बैठक होते, तिथं हे एक कलम मांडायला कुणीतरी उभं राहावं लागेल.